बंद झरोक्याचे ठोके

देवाजी मेल्यावरही कामावर येतो, अशी कुजबुज मे महिन्यात कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत सुरू झाली. सुरू कोणी केली म्हणता? झाडपोछा करणाऱ्या भागीरथाबाईनं, दुसरं कोण! बाईच्या कानात शिरलेली गोष्ट टपरीवरचा चहा उकळायच्या आत दोन गल्ल्या ओलांडून जायची.

तिथल्या एका लहानशा कारखान्यात इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर बनत. करंगळीएवढी काचेची नळी. तिच्या तोंडावर एक भारित कण आपटला, की आत इलेक्ट्रॉनांचा लोंढा उठतो आणि स्पीकरमधून ‘टक्’ येतं. हे ठोके मोजून नळ्या पास-नापास करणं सरिताबाई मेश्रामांचं काम. त्यांच्या आधी देवाजी मोजायचा. मार्चात तो त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कण येण्याचा झरोका लावून घेतला, की नळीनं गप्प बसायचं. मिनिटाला तीन ठोके माफ. तयार असलेल्या तीस नळ्या शनिवारी उपग्रहासाठी रवाना व्हायच्या होत्या. वर गेलेली नळी बदलायला कोणी जात नसतं, म्हणून सरिताबाईंची सही लागे.

सोमवारी नळ्या ठेवायच्या कपाटातून काढलेल्या नळीनं बंद झरोक्यात नऊ ठोके दिले. मंगळवारच्या नळीनं एकतीस. बुधवारी भागीरथाबाई हातातला पोछा विसरली.

“झरोका बंद हाये ना वं सरिता? मग हे कोण ठोकून राहिलं?”

“तुह्या सासूचा फोन असन. पोछा मार.”

“हसू नको. देवाजीले आपली खुर्ची पाहिजे.”

सरिताबाई हसल्या खऱ्या. पण त्या दिवसापासून चाचणी उभ्यानंच घेऊ लागल्या.

गुरुवारी तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडायला लागलं. एकेक ठोका वेगळा ऐकू येईना. मालक अनंतराव दारात येऊन थांबले. आत काही आले नाहीत.

“यंत्र म्हातारं झालं, सरिताबाई. तुम्ही सही करा. नाहीतर दुसरं काम पाहा.”

“अन् वर जाऊन हे असंच बोंबललं तर, साहेब?”

“वर कोण बसलं आहे ऐकायले?”

नळ्यांचे नंबर उतरवायला सरिताबाईंनी कपाट उघडलं. दाराचं रबर चिरलेलं. आत ओल शोषणारे दाणे ठेवलेले असत. कोरडे असले की निळे. ते सगळे गुलाबी पडले होते. शेजारून वाळ्याचा गार वास येत होता. सरिताबाईंनी वाकून शेजारचा कूलर बंद केला.

गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. सगळ्यांना देवाजी पुरत होता.

खरी गोष्ट अशी. गेल्या आठवड्यात चाचणीच्या खोलीतला एसी बंद पडला म्हणून पॅकिंगच्या खोलीतला कूलर सरिताबाईंनीच ओढत आणून कपाटाला लावला होता. पाणीही रोज त्याच भरत. ओल नळ्यांत शिरली आणि झरोका बंद असतानाही त्या ठोके देऊ लागल्या. त्यांनी तसं लिहून दिलं आणि सही केली नाही. नोकरी गेली.