सुरेखानं सांगितलेली वेळ

आमच्या गल्लीतली सुरेखा लग्न झाल्यापासून सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीतच तशी. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. इथं अजून बऱ्याच सुना सासऱ्यापुढं तोंड उघडत नाहीत. "आत्या, मामांला म्हणावं जेवून घ्या," असं ती सासूला म्हणायची. सासरे आश्रुबामामा तिथंच बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं. तरी विमलबाई तेच मोठ्यानं पुन्हा सांगायच्या आणि वर सुनेला टोमणा मारायच्या, "मी मेल्यावर भिंतीला सांगत बस."

सुरेखाचा नवरा अजिनाथ दिवाळीनंतर उसाच्या ट्रॅक्टरवर कर्नाटकात जातो. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून ती सासू-सासऱ्यांजवळ राहते.

माघातली सकाळ. शाळेत प्रार्थना चालली होती. विमलबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता उजवा हात परातीतच पडून राहिला. तोंड एका बाजूला ओढलं, शब्द फुटेना. लोक जमले. "अंगावरनं वारं गेलं," म्हणाले सगळे. वारं गेलं की आमच्याकडं माणसाला आधी बुवाकडं नेतात. तो डोंगरापलीकडं एका वस्तीवर तेल चोळतो, पाला देतो. गल्लीतल्या बद्रीनाथची जीप निघाली ती तिकडंच. "दवाखान्यात न्या," असं सुरेखाला मामांना सांगायचं होतं, पण मधे सांगणारीच आडवी झाली होती. मग तिनं ते बद्रीनाथला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, बुवाच्या हाताला लई गुण हाय."

बुवाकडं रांग होती. चोळून झालं, पाला झाला, दुपार कलली, हात काही हलेना. शेवटी बुवाच म्हणाला, "अंबाजोगाईला न्या."

वाटेत बद्रीनाथनं मामांना समजावलं, "मामा, तितं उशीर झाला म्हणू नगा. गाठ इरघळायची एक सुई असती, पर उशीर झाला म्हणलं की देत न्हाईत. आत्ताच पडली म्हणा."

मागच्या सीटवर सासूचं डोकं मांडीवर घेऊन सुरेखा हे ऐकत होती.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आजी शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"तास झाला असंल," मामा म्हणाले. बायकोवर त्यांचा लई जीव.

"न्हाई," सुरेखा म्हणाली. मामांनी वळून बघितलं. तिनं पदर आणखी पुढं ओढला, पण बोलायची थांबली नाही. "शाळंची प्रार्थना चालली होती तवा पडल्या. मग आमी बुवाकडं गेलतो."

डॉक्टरबाईंनी हिशोब केला. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मेंदूची नस तुंबली आहे. तिथल्या काही पेशी गेल्या, पण आजूबाजूच्या अजून तग धरून आहेत. साडेचार तासांच्या आत सुई दिली तर त्या वाचतात. ती वेळ टळून गेली. तरी दिली तर डोक्यात रक्त उतरून आजी दगावूही शकतात. आता तग धरलेल्या पेशी जपायच्या. ताप चढू द्यायचा नाही, साखर वाढू द्यायची नाही. आणि गिळता येतंय का ते आम्ही तपासेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही."

मामा व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांनी एवढंच ऐकलं होतं, की सुई मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा विमलबाईंची लेक बबिता सासरहून आली होती. "कशाला बोललीस गं तू?" ती सुरेखाला विचारत होती. "सुई मिळू दिली न्हाईस, आता माझ्या आईला पानी बी मिळू देईनास!"

सुरेखा सासूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मी देवीचं तीर्थ नेलं होतं. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "काकू, तोंडात नगा. कपाळाला लावा." मी कपाळाला लावलं. देवी तेवढ्यानं रागावत नाही.

चौथ्या दिवशी गिळायला येऊ लागलं. घरी आल्यावर सुरेखा रोज सकाळ-संध्याकाळ त्या हाताची बोटं उघडझाप करून घ्यायची. विमलबाई आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. 'देवा' म्हणतात, 'च्या' म्हणतात. सुरेखाचं नाव अर्धंच येतं. बबिता अजून तिच्याशी धड बोलत नाही. मामाही बोलत नव्हते. काही हवं असलं की नातवाला हाक मारायचे.

परवा विमलबाईंना फेरतपासणीला न्यायचं होतं. मीही माझं बीपी दाखवायला त्यांच्यासोबत गेले. त्याच डॉक्टरबाई होत्या. "रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज चालू आहेत ना?"

"व्हय, रोज," मामा म्हणाले.

सुरेखा खाली बघत उभी होती. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विमलबाईंकडं बघितलं.

"न्हाई, बाई. रोज न्हाई," ते म्हणाले. "गोळ्या संपल्या, मला आनायला उशीर झाला." मग ते सुनेकडं वळले. "किती दिस चुकलं गं, पोरी?"

"तीन, मामा," सुरेखा म्हणाली.