आखाजीला दीव

आम्हा दोघी बहिणींना समुद्र बघायचा होता, तोही बेटावरचा. बुऱ्हाणपूरच्या माणसाने बेटावर जायचं म्हणजे आधी अख्खा गुजरात ओलांडायचा, पण हे धाकटीला सांगून उपयोग नव्हता. ती देडतलाईला शेतकऱ्याच्या घरी दिलेली. दिवसभर केळीच्या बागेत असते. तिथे बसून तिने मोबाइलवर दीवचा व्हिडिओ पाहिला आणि मला शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन लावला.

"ताई, तू फक्त हो बोल. बाकी मैं देख लूंगी."

मी शिक्षिका. चौकशी केल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही. तरी हो म्हटलं, आणि पुढच्या तासाला फळ्यावर काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

तीन दिवस घराबाहेर पडायचं कसं, हा प्रश्न आखाजीने सोडवला. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात आणि त्या दिवसांत सासरचं कोणी उलटून विचारत नाही. आमचं माहेर डोईफोडियाला. बाबा गेल्यापासून तिथे आई एकटी असते. तिलाही न्यायचं हे आम्ही एका दमात ठरवून टाकलं. तिला विचारायचं तेवढं राहिलं.

मग एका रविवारी धाकटी बुऱ्हाणपूरला बाजाराला आली. रसवंतीत बसून मी यादी करायला घेतली. तिने नवा गॉगल आणला होता आणि तो घालूनच उसाचा रस पीत होती.

"आईला पाण्यात कसं उतरवायचं?" मी विचारलं.

"तापीत उतरते ना? वैसेच."

"तापी आपली आपल्या वाटेने जाते. समुद्र अंगावर येतो," मी अधिकारवाणीने म्हणाले. समुद्र मी तरी कुठे पाहिला होता! तिला ते माहीत होतं, म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्याच भरात तिने तीन तिकिटं काढली. आखाजीच्या आदल्या दिवशी निघायचं, म्हणजे आखाजीची सकाळ थेट किनाऱ्यावर. आम्ही टाळी दिली आणि ग्लास कलंडला. रसवंतीवाल्याने नुसतं फडकं पुढे केलं.

पुढच्या रविवारी दोघी डोईफोडियाला गेलो. आई अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. धाकटीने सगळं एका श्वासात सांगितलं: बेट, लाटा, तिकिटं, होडीत बसायचं नाही, पूल आहे. आईचा हात सोऱ्यावरच थांबला.

"मंग घागर कोन भरंल?"

आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. आम्हाला भाऊ नाही, बाबांची घागर आईच भरते. आम्ही उठायच्या आत ते सगळं झालेलं असतं. आम्हाला आखाजी म्हणजे झोका, आमरस आणि उन्हं वर येईपर्यंत झोप. बाबा आमच्या यादीत कुठेच नव्हते. मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

"रद्द कर तिकिटं," मी धाकटीवर डाफरले. तिचे डोळे भरून आले.

"रद्द कायले?" आई म्हणाली. "तुमची काकू भरते ना तिच्या घरची. त्यातच यांचीबी भरंल. सांगते मी तिले." आणि पुन्हा कुरडया घालू लागली.

धाकटीने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. हसावं तर भीती, न हसावं तर आवरेना. बाजेची एक कड भरल्यावर आई खाली मान घालूनच बोलली.

"पन मी आपल्या मनानं टेसनावर येनार नाही. मले न्याले कोन येनार, ते सांगा."

"म्हणजे काय गं?" धाकटी म्हणाली.

"आखाजीले लेक अशी एकटी निंघते का कधी? माहेरचं मानूस याले लागते. माय मेली तवापासून मले कोनी न्याले आलं नाही."

धाकटी ओरडली, "मी येते!" मी तिला गप्प केलं. मोठी मी, मीच येणार, असं ठणकावून सांगितलं, आणि तिथेच आमचं जोरदार भांडण जुंपलं. आई पिठाचा हात तोंडावर धरून हसत होती. तिच्या माहेरचं म्हणावं असं आता आम्हा दोघींशिवाय कोणी उरलं नव्हतं.