न घेतलेली रुजवात

ऑफिसात तिला बिनचूकबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. साहेब बदलले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, पण हे नाव काही बदललं नाही. तिच्या हातून निघालेल्या कागदावर खाडाखोड नसे, ओळ वाकडी नसे. एखादा नवा साहेब कागद परत पाठवायचा, ‘चूक दुरुस्त करा’ असा शेरा मारून. मग चूक साहेबांच्याच कच्च्या मसुद्यात निघायची. ती मसुदा आणि कागद शेजारी शेजारी ठेवायची आणि काही न बोलता उभी राहायची. तिचं ते न बोलणंच साहेबांना जास्त झोंबायचं.

एवढं असून ती लागली तेव्हा लिपिक होती आणि चौतीस वर्षांनीही लिपिकच होती. निवृत्तीला दहा महिने उरले होते.

तिचा नंबर लागू लागला की नियम बदलायचा, हे जणू ठरलेलंच. ती लागली तेव्हा बढती नुसत्या ज्येष्ठतेवर मिळे. तिची पाळी यायला आणि विभागीय परीक्षा यायला एकच गाठ पडली. धाकट्याला पायावर झोपवून, हातात पुस्तक धरून तिने ती परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तर टायपिंगच्या वेगाचं प्रमाणपत्र मागितलं. ते आणलं, तर संगणकाचं. तेही आणलं. आणि नऊ वर्षांपूर्वी मुख्य लिपिकाच्या जागेसाठी नवा नियम आला: पदवी व विभागीय परीक्षा. पदवी तिच्याकडे नव्हती. वडील गेले त्या वर्षी कॉलेज सुटलं ते सुटलंच. ऑफिसातल्या आणखी अकरा जणांचीही हीच गत. मुख्य लिपिकाच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि लिपिक आपापल्या खुर्चीत म्हातारे होऊ लागले. वर एकदा विचारणा केली होती. उत्तर आलं, ‘नियमाप्रमाणे कार्यवाही करावी.’ सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे नऊ वर्षं झाली.

तिचा नवरा बसचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, “आमच्या गाडीत पाच पाच मिनिटांनी ओरडावं लागायचं, पुढे सरका, पुढे सरका. तुमच्या ऑफिसात कंडक्टरच नाही, मग कोण सरकणार?”

सासूबाईंना नियमबियम कळत नव्हते. त्या रोज सकाळी देवापाशी हात जोडून स्पष्ट आवाजात सांगायच्या, “सगळ्यांचं भलं कर. आणि माझ्या सुनेचं ते ऑफिसचं तेवढं बघ.” आवाज मुद्दाम मोठा असायचा. देवाला ऐकू जावा म्हणून नव्हे, सुनेला.

आणि एक दिवस जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायचा हुकूम आला. तळघरातल्या खोलीत गठ्ठे सोडायचं काम अर्थातच बिनचूकबाईकडे. तोंडाला रुमाल बांधून ती आठवडाभर तिथे बसली. मदतीला नवीन लागलेला एक लिपिक होता. प्रत्येक गोष्टीत नियम काढतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणत.

शुक्रवारी दुपारी तिच्या हातात तो कागद आला. पदोन्नतीच्या नियमांचं मूळ परिपत्रक, नऊ वर्षांपूर्वी वरून आलेलं. शाई पुसट, बरोबर मध्यावर घडी. घडीवर आलेला एक शब्द तिला नीट लागेना. सवयच होती तिला, न लागलेला शब्द सोडून पुढे जायचं नाही. ती उठली, उंचावरच्या खिडकीखाली गेली आणि कागद उजेडात धरला.

‘पदवी अथवा विभागीय परीक्षा.’

तिने चष्मा पुसला. परत वाचलं. अथवा. घडीत दोन अक्षरं आणि एक काना पुसट झाला होता, पण होता. उजेडात स्वच्छ दिसत होता.

ती वर आली. नियमांची प्रत कपाटातल्या फाईलला लावलेली होती. नऊ वर्षं सगळं ऑफिस तीच उघडून बघत होतं, कारण मूळ कागद तेव्हाच तळघरातल्या दप्तरात गेला होता. त्या प्रतीत होतं ‘पदवी व विभागीय परीक्षा’. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याने आपली अक्षरं घालायची असतात तिथे, तिचीच दोन अक्षरं होती. त्याखाली शेरा: ‘मूळ प्रतीशी रुजवात घेतली.’ त्यावर सहीसुद्धा तिचीच.

रुजवात म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागेल. नक्कल केली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द मेळवायचा, आणि मगच सही. ही सही टाइप करणाऱ्याने स्वतः करायची नसते. त्या दिवशी मूळ कागद इतका पुसट होता की झेरॉक्स काळी येत होती, म्हणून तिने तो टाइप केला. सगळ्यांना वाचायची घाई. आणि तिने एकटीनेच सही ठोकून दिली. बिनचूकबाईच्या कागदाची रुजवात कोण घेणार, आणि कशाला?

ती खुर्चीत बसली. पंखा चालू असून तिला घाम फुटला होता. एक ‘व’. बारा माणसं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वकील गठ्ठा घेऊन वर आला, तिचा चेहरा बघून थांबला. तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे सरकवले. त्याने वाचले आणि टेबलावर थाप मारली.

“ताई! अहो, तुम्ही पात्र आहात! नऊ वर्षांपासून! सगळेच पात्र आहेत!”

“खालचा कोपरा बघ.”

त्याने बघितला. त्याचा आवाज खाली आला. “हे तुम्ही कुणाला दाखवलं नाही ना? मग ऐका. मूळ कागद सापडला, एवढंच सांगायचं. प्रत चुकली कशी, ते कुणाला ठाऊक? हा कोपरा एवढासा. म्हणू उंदराने खाल्ला.”

“उंदीर बरा शिकलेला रे. बरोबर माझ्याच सहीवर आला.”

“चेष्टा नका करू. चौकशी लागली तर तुमचं नाव बाजूला काढतील. बाकीच्या सगळ्यांना बढती मिळेल आणि तुमचा कागद तेवढा लिफाफ्यात बंद. चौकशी दहा महिन्यांत संपते का कधी? तुम्ही लिपिक म्हणूनच घरी जाल.”

हे तिला त्याच्या आधी कळलं होतं. म्हणून तर घाम फुटला होता.

घरी येऊन तिने चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. सासूबाई विचार करून म्हणाल्या, “देवाला सांगितलंस?”

“बसमध्येच सांगितलं.”

“मग झालं तर. आता माणसांना सांगायचं.”

“देवाला सांगणं सोपं आहे, आई,” नवरा म्हणाला. “तो मेमो देत नाही.”

“तू गप्प बस. ती सांगणारच आहे, तिच्या तोंडावर दिसतंय. उगीच विचारल्यासारखं करते आहे.”

खरंच होतं ते. पण ऑफिसच्या प्रमुख मॅडमकडे जाण्याआधी तिला एका माणसाकडे जायचं होतं. शनिवारी सकाळी ती नानांकडे गेली. नाना तिचे सर्वांत जुने सहकारी. तिला ऑफिसचं काम त्यांनी शिकवलेलं. बढतीची वाट बघत बघत तीन वर्षांपूर्वी ते लिपिक म्हणूनच निवृत्त झाले होते. निरोपाच्या भाषणात म्हणाले होते, “मी जिथून निघालो तिथेच पोचलो, रस्ता मात्र लांबचा पडला.” सगळे हसले होते. तीही हसली होती, ते आता तिला आठवत होतं.

तिने दोन्ही कागदांच्या हाताने उतरवलेल्या नकला त्यांच्या मांडीवर ठेवल्या. नानांनी भिंग लावून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, “कोण आलंय?” नानांचं बोट खालच्या कोपऱ्यावर थांबलं होतं.

“माझ्यामुळे तुमची जागा गेली, नाना,” ती म्हणाली.

“हो,” नाना म्हणाले. “गेली.”

त्यांनी उगीच ‘जाऊ द्या हो’ म्हटलं नाही, याचं तिला बरंच वाटलं. मग ते भिंग पुसत म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मला रुजवातीला बोलावलं होतं. आठवतं?”

तिला आठवत होतं. पण ते ती कागदावर लिहिणार नव्हती.

“मी म्हटलं, तुमचं काय तपासायचं, बिनचूकबाई? करा सही. आणि चहा प्यायला गेलो. तो चहा नऊ वर्षं महाग पडला म्हणायचा.” ते किंचित हसले. मग हसू गेलं. “सोमवारी किती वाजता देणार टिपणी?”

“अकराला.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यांनी नकला परत दिल्या.

सोमवारी तिने टिपणी टाइप केली. आयुष्यातली सर्वांत छोटी टिपणी. ‘मूळ परिपत्रकात अथवा असा शब्द आहे. कार्यालयीन प्रतीत व असा आहे. सदर प्रत मी टंकलिखित केली. रुजवात घेतल्याचा शेरा मीच लिहिला. रुजवात घेतली नव्हती.’ या खेपेस तिने वकिलाला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या वाक्याशी त्याचा आवाज चिरकला. ती म्हणाली, “परत वाच, स्पष्ट.” आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबली होती. ज्यांची नऊ वर्षं गेली ती माणसं तिथेच बसली होती. आवक-जावक टेबलावरची एक बाई उठून बाहेर गेली. तिलाही पाच वर्षांपूर्वी मिळायला हवी होती जागा.

मॅडमनी टिपणी दोनदा वाचली. “बाई, हे तुम्ही स्वतःहून लिहून देताय? याचा अर्थ कळतोय ना?”

“कळतोय, मॅडम.”

“मला तुमच्याकडून खुलासा मागवावा लागेल. आणि तोवर तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही.”

“मागवा.”

तेवढ्यात दारात काठी वाजली. नाना आले होते, जुना कोट घालून. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज. रुजवातीसाठी मला बोलावलं होतं, मी गेलो नाही, ती जबाबदारी माझी होती, असा.

“नाना, तुम्ही निवृत्त आहात,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.”

“म्हणूनच आलो. विचारल्यावर सगळेच सांगतात.”

पुढे सगळं सरकारी चालीने झालं, पण झालं. वरून खुलासा आला की शब्द ‘अथवा’ हाच. अकरा नावं गेली आणि चार महिन्यांनी अकरा आदेश आले. त्यांतल्या नानांना आणि त्यांच्यासारख्या आणखी एका निवृत्ताला मानीव दिनांक मिळाला. म्हणजे अमुक तारखेपासून ते मुख्य लिपिक होते असं सरकारने मानलं. नानांनी तो आदेश दुकानात नेऊन काचेत बसवून घेतला. बायको म्हणाली, भिंत तरी रिकामी ठेवा. त्यांनी ऐकलं नाही. आवक-जावकची बाई आदेश हातात घेऊन बिनचूकबाईच्या टेबलाशी आली. इतके महिने ती तिच्याशी बोलली नव्हती. म्हणाली, “अजून राग आहे माझा.” मग खुर्ची ओढून बसली आणि बिनचूकबाईचाच डबा उघडून खाऊ लागली.

बिनचूकबाईचा लिफाफा मात्र बंदच होता. तिचा खुलासा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिने कुणाला विचारलं नाही. सासूबाईंचा सकाळचा आवाज तेवढा आणखी मोठा झाला. निवृत्तीला एक महिना राहिला, मग पंचवीस दिवस. शेवटी निर्णय आला: लेखी ताकीद द्यावी, ती सेवापुस्तकात नोंदवावी. पण ताकीद ही शिक्षा नव्हे, सबब पदोन्नतीस बाधा नाही.

आदेश हातात पडला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते.

“एकोणीस दिवसांसाठी कशाला टेबल बदलता?” कुणीतरी म्हणालं. “तिथेच बसा, मान तर मिळालाच.”

“मान घरी नेता येतो. काम इथेच करावं लागतं,” ती म्हणाली आणि आपली उशी उचलून मुख्य लिपिकाच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

आणि एकोणीस दिवस तिने सगळ्यांना कामाला जुंपलं. तळघरातले सगळे नियम वर आले. दोघादोघांच्या जोड्या समोरासमोर बसल्या. सकाळी ऑफिसात शिरणाऱ्याला वाटावं शाळा भरली आहे. आणखी दोन प्रतींत चुका निघाल्या, त्या तिच्या नव्हत्या. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाली, “दुरुस्त करा, आणि सही दुसऱ्याची.” आपली ताकीदही तिने स्वतः सेवापुस्तकात लावली, बढतीच्या नोंदीच्या बरोबर वरच्या ओळीत, एका सरळ रेषेत. वकील म्हणाला, “ताई, ही तरी जरा वाकडी लावायची.” म्हणाली, “का? तीही माझीच आहे.”

शेवटच्या दिवशी हार आणि भाषणं झाली. घरी आली तेव्हा सासूबाई दारातच शेजारणीला घेऊन उभ्या होत्या.

“किती दिवस होतीस गं त्या जागेवर?” शेजारणीने विचारलं.

“एकोणीस.”

शेजारीण गालात हसली. सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की हसू तिथल्या तिथे विरलं. “होती ना पण?” त्या म्हणाल्या. “माझी सून ऑफिसची मुख्य होती.”

“मुख्य लिपिक, आई. लिपिक राहिलं.”

“तेच ते.”

“तेच ते नाही.”

“बरं बाई,” म्हणून सासूबाई शेजारणीकडे वळल्या, आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “मुख्य. लिपिक.”