गाडी आधी साडूंना ऐकवायची

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात माणसांचं जेवढं ऐकलं नसेल, तेवढं चाकांचं ऐकलं आहे. आमच्याच सोनपेठला त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पावतीसाठी ताटकळत असतं आणि हे रस्त्याकडे कान लावून कुठल्याशा जीपचं दुखणं ऐकत असतात. त्यातही सरळ जाणारी गाडी त्यांच्या लेखी मुकीच. "सरळ रस्त्यानं कुणीबी सज्जनच दिसतंय. वळवा, मग खरं बोलतीय," हे त्यांचं म्हणणं. "गाडीचं तसंच जावयाचं," अशी पुस्ती आमच्या थोरल्या मेव्हणीबाई आतून जोडतात.

त्यामुळे आमच्या गोतावळ्यात रीतच पडून गेली आहे: गाडी आधी साडूंना ऐकवायची, मग मेकॅनिकला दाखवायची. ऐकवण्याची जागा बाजारतळ. बाजाराचा वार सोडून ते मैदान मोकळंच असतं. काचा खाली करायच्या, स्टिअरिंग पार टोकाला नेऊन गाडी गोल गोल फिरवायची, आणि साडू पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बॉनेटवर हात ठेवून तिच्याबरोबर पळणार. कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. एकदा तर एसटीतही ते ड्रायव्हरपर्यंत गेले आणि म्हणाले, "अवो, डावीकडं वळताना हुंकार द्यायलीय ही." कंडक्टर म्हणाला, "काका, चालायलीय हेच लय हाय. बसा." पुतण्याच्या लग्नात तर फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी मांडवाच्या वळणावर गडगडली, तर "बेरिंग गेलंय" म्हणत यांनी ती नवरदेवासकट शेजारच्या रिकाम्या रानात घातली. वऱ्हाडी मुठीत अक्षता धरून उभे, गुरुजी घड्याळाकडे बघतायत, आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत रानात घिरट्या घालतोय! शेवटी मेव्हणीबाईंनी डिक्की उघडून आत गडगडणारा नारळ साडूंच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचं बेरिंग." तेव्हापासून ऐकण्याआधी गाडी रिकामी करायची हा नियमात नियम वाढला.

आता माझं सांगतो. मी बोलणारा माणूस नाही. घरात काही बिनसलं की मी वर्तमानपत्र उघडतो. या उन्हाळ्यात आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच सुमारास माझी गाडी उजवीकडे वळताना वाजू लागली. कट्-कट्-कट्, जणू चाकात बसून कुणी सुपारी कातरतंय. दिवस भरत आलेली पोर, परभणीचा दवाखाना, वाटेत गंगाखेडचा पूल आणि ती वळणं. मला झोप लागेना. पण बोललो कुणाशी? मी आपला उजवी वळणं टाळू लागलो. बायको म्हणाली, "कोथिंबिरीला गेलात का गावाला प्रदक्षिणा घालायला?" मी वर्तमानपत्र उघडलं. डॉक्टरांनी लेकीला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात भरती करायला सांगितलं, तेव्हा मात्र गाडी साडूंकडे नेणं भाग पडलं.

नेताना काळजी होती, ती केवळ आवाजाची नव्हे. दिवाळीला फराळाला बसलो असताना साडूंच्या खिशातला मोबाइल वाजत होता आणि ते मजेत चिवडा खात होते. माझ्या ते ध्यानात आलं होतं. दुकानातलं गिऱ्हाईक दोनदा सांगू लागलं होतं, तेही दिसत होतं. मी गप्प राहिलो. त्याला मी मनात मोठेपणा म्हणत होतो. खरं सांगायचं तर तो भित्रेपणा होता.

बाजारतळावर मी गाडी उजवीकडे टोकाला वळवून फिरवली. कट्-कट्-कट्! कडेला बांधलेल्या शेळीनं मान वर केली. साडू बाजूनं पळत होते, डोळे मिटलेले, चेहरा समाधीतला. थांबून त्यांनी घाम पुसला. "काय न्हाई साडूभाऊ. गाडी ठणठणीत हाय. पोरीला बिनघोर न्या."

बस, "बरं" म्हणायचं आणि निघायचं. तो शब्द माझ्या जिभेवर आलासुद्धा होता. परत जाऊन गुपचूप मेकॅनिककडे जाता आलं असतं. पण हा माणूस उद्या आणखी कुणाच्या लेकीला बिनघोर न्या म्हणाला असता. मी खाली उतरलो.

"साडूभाऊ," मी म्हणालो, आणि मग मोठ्यानं म्हणालो, "आवाज येतोय. तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी दुमडलेली पॅन्ट वाकून खाली सोडली, एक पाय, मग दुसरा.

"घरी मालूम हाय का?" त्यांनी विचारलं.

"असेल. कुणी बोलत नाही."

"हां." ते गाडीकडे वळले. मग म्हणाले, "कोणत्या अंगाला वळताना?"

"उजव्या."

"पायानं जोर दिल्यावर का सोडल्यावर?"

"दिल्यावर. कट्-कट् असा."

"वेगानं वाढतो?"

"हो."

"मग उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर. डावं बघू." ते चाकामागे वाकले, हात घातला आणि काळ्या ग्रीसनं माखलेली बोटं बाहेर काढली. "एक्सलचा रबरी बूट फाटलाय. ग्रीस भाईर गेलं, माती आत गेली. जॉइंट खाऊन टाकलाय तिनं. अवो, कवापासून वाजायलाय?"

"महिना झाला असेल."

"अन् गप बसलाव?" ते म्हणाले. "तुमच्यापरीस मी बरा. मला तर ऐकू येत न्हाई."

संध्याकाळपर्यंत मेकॅनिकनं जॉइंट बदलला. सकाळी निघालो तेव्हा साडू न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. मागे लेक आणि तिची आई. गंगाखेडच्या पुलापाशी मी जपून उजवीकडे वळलो. साडू समोर बघत हळूच म्हणाले, "काय येतंय?"

"काही नाही."

"नीट ऐका."

मी ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला ऐकायला सांगत होतं.

"टायरचा येतोय," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो. "आणि मागून लेकीच्या बांगड्यांचा."

साडूंनी मान हलवली आणि डोळे मिटले.

"त्यो येऊ द्या," ते म्हणाले.