दुसऱ्या माळ्याची माणसं

स्क्रीन कोरी आली की आम्ही सगळे शिव्या घालायचो. सुहास गावडे मात्र शांतपणे चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत आणि विचारत, "कोणाच्या घरात विचारलंस?"

लोअर परळला गिरणीच्या जुन्या आवारात आमचं ऑफिस. बाहेरून चकचकीत काच, आत गळका एसी. वेबसाइट बनवायच्या, गिऱ्हाइकाची कटकट ऐकायची, परत बनवायच्या, वैताग नुसता! गावडे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत. वेबसाइटवर साधे लेख असतात, त्यांचे साधे विभाग असतात. पण एखाद्या गिऱ्हाइकासाठी नवाच प्रकार केला, समजा 'पाककृती', तर त्याच्या विभागांचाही वेगळा संच बांधून त्याला नाव द्यावं लागतं. नवीन आलेल्या मुली कोड लिहिताना हटकून साध्या लेखांचे विभाग मागवत आणि स्क्रीन कोरी येई.

"अगो, लालबागच्या माणसाचो पत्तो गिरगावच्या चाळीत इचारलंस तर कोण सांगतलो?" गावडे म्हणत. "त्याच्या चाळीचा नाव घे, मगे माग." खरंच, त्या विभागांच्या संचाचं नाव घातलं की सगळे मुकाट्याने समोर येत.

गेल्या वर्षी गावडेंचीच लालबागची चाळ पाडायला घेतली. बिऱ्हाडं पांगली. कोण बदलापूरला, कोण नालासोपाऱ्याला, कोणी कायमचं गावी. गावडे आईला घेऊन विरारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. म्हातारीचा उभा जन्म चाळीच्या दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीत भाजी निवडण्यात गेलेला. इथे सगळी दारं बंद. ती बोलेनाशीच झाली. एकच धोशा तेवढा चालू, "माका दुसऱ्या माळ्यावरची माणसां दाखय."

म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता गावडेंनी चाळीची वेबसाइट करायला घेतली. प्रकार 'बिऱ्हाड', विभाग माळ्यांप्रमाणे. कोणाचा नंबर बदललेला, कोणी फोनच उचलत नसे. एकेकाला शोधून माहिती भरत होते. रोजचं काम, विरारचं जाणं-येणं आणि त्यात हे. माणूस पार पिचून गेला होता. मला बघवत नव्हतं.

"आईसाठी कशाला एवढा जीव आटवताय?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"आवशीक माणसां व्हयी गो. मी एकटो पुरणंय नाय."

सगळी बिऱ्हाडं भरून झाली. गावडेंनी दुसऱ्या माळ्याचं पान उघडलं, तर कोरं! मी वाकून पाहिलं, तर थकव्याच्या भरात त्यांनीही साधे विभागच मागवले होते.

"गावडे, कोणाच्या घरात विचारलंत?"

हसले, पण हसणंही दमलेलं. विभागांच्या संचाला त्यांनी 'माळा' असं नाव दिलं होतं, ते घातलं आणि दुसऱ्या माळ्याच्या सगळ्या खोल्या फोन नंबरांसकट हजर झाल्या.

"रविवारी सगळ्यांक बोलवतंय," ते म्हणाले. "आवशीक आधी काय सांगणंय नाय. सगळी माणसां एकदम दारात उभी करतलंय."

शनिवारी सकाळी दूध आणायला उतरताना गावडे जिन्यात कोसळले. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. त्यांच्या इमारतीतल्या एकाने ऑफिसात फोन केला. ह्यांच्या माणसांना कोण कळवणार, म्हणाला. मी ते पान उघडलं आणि पहिल्या खोलीपासून एकेकाला फोन लावत गेले.

दुपारी मी विरारला पोचले, तेव्हा त्या दोन खोल्यांत अख्खा दुसरा माळा जमला होता. गावडेंना अजून हॉस्पिटलातून आणायचं होतं. आईला मात्र कोणीच काही सांगितलं नव्हतं. ती एकेकीच्या गालावरून हात फिरवत, नाव घेत, खोलीभर फिरली. कितीतरी दिवसांनी बोलत होती. मग माझ्यापाशी येऊन थांबली.

"बघ गो, आणल्यान सगळ्यांक! खंय गेलो माझो सुहास? इलो की तेका आधी चाय दी. दमलो असतलो."