बन्सीच्या चिमण्यांची भिंत

गारखेड्यात मुक्ताबाईंच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमध्ये पाय ठेवतो आणि विचारतो, "भांड्याचं दुकान काढलं का?" मुक्ताबाई त्याला चहा देतात, पण बिनसाखरेचा.

समोरच्या भिंतीवर स्टीलची सत्तावीस ताटं तारेच्या आकड्यांवर टांगलेली आहेत. जुनी, पोचे आलेली. काही तर इतकी घासलेली की त्यात तोंड पाहिलं तर आपणच आजारी वाटावं. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं कुणाचं तरी नाव, लग्नाची तारीख आणि शेवटी बोटाच्या पेराएवढी एक चिमणी.

ही चिमणी मुक्ताबाईंच्या नवऱ्याची. बन्सीनं सगळी उमर भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर काढली. हातोडी-छिन्नीनं आहेराच्या भांड्यांवर नावं घालायची, एवढंच काम. पण नाव संपलं की तो चिमणी काढायचाच. न सांगता आणि फुकट. दुकानदार ओरडायचा, "अरे, नाव घाल! पाखरं कशाला पाळतो?" बन्सी मान डोलवायचा आणि पुढच्या ताटावर चिमणीची मान जरा दुसरीकडे वळवायचा. पुढं मशीन आलं. ते भराभरा नावं घालतं, चिमणी मात्र त्याला सुचत नाही.

बन्सी गेल्यावर मुक्ताबाईंनी स्वयंपाकघर उपसलं, तर घरात एकही चिमणी निघाली नाही. घरच्या भांड्यांवर त्यानं कधी नावच घातलं नव्हतं. घरातली भांडी चोरणार कोण, म्हणून. मग मुक्ताबाई निघाल्या. जिथं चिमणीचं ताट दिसेल तिथं नवंकोरं, जड ताट द्यायचं आणि जुनं काखेत मारून आणायचं. लोक आनंदानं देत आणि त्या जिना उतरायच्या आत त्यांच्या डोक्याविषयी चर्चा सुरू करत. या धंद्यात मुक्ताबाईंची चार वर्षं आणि एक गुडघा गेला.

त्यांचा मुलगा प्रणय बँकेत आहे. स्वभावानं गरीब, पण यंदा त्यानं घर रंगवायला काढलं, आणि रंगवाल्यानं मोबाइलवर दाखवलेला धबधब्याचा वॉलपेपर पाहून त्याचं मन वाहून गेलं.

"आई, सोमवारी माणूस येतोय. ताटं माळ्यावर ठेवू. नीट, गोणपाटात."

"तुझ्या बापाला माळ्यावर टाकतो व्हय?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"मग धबधबा टाक माळ्यावर."

सून रूपा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मला विचाराल तर धबधब्यावरची धूळ मी पुसणार नाय." तिला कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात गंगापूरहून गोजरबाई आली, ताटं टांगल्यापासून पहिल्यांदाच. गोजरबाई म्हणजे बन्सीची धाकटी बहीण, प्रणयची आत्या. चप्पल काढता काढता तिनं भिंतीकडं पाहिलं, चष्मा लावला, आणि पाणी न घेताच कडाडली.

"वहिनी! माझं ताट खालच्या रांगेत? आन् त्या सारजाचं वर?"

सारजाबाई ही गोजरबाईची जाऊ. धाकटी.

"वन्सं, मी नावं नाय पाहिली. चिमण्या पाहिल्या."

"साऱ्या गंगापुरात बोभाटा होईल! काढ माझं ताट. मी परत नेते."

प्रणयला जोर आला. "बघ आई, भांडणं लागली. आज आत्या नेईल, उद्या सगळे मागतील. त्यापेक्षा उतरवूच."

मुक्ताबाई उठल्या. गोजरबाईचं ताट उतरवून त्यांनी टेबलावर ठेवलं, आत गेल्या आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आल्या.

"हे काय गं?" गोजरबाई मागं सरकली.

"नाव तुमचं हाय, वन्सं. कापून देते, घेऊन जा. चिमणी त्यांची हाय, ती इथंच राहील. नव्या ताटात चार वर्षं जेवलात, ते काय मी परत मागत नाय."

गोजरबाईनं ताट हिसकावलं. कुठून कापणार म्हणून पाहायला तिनं ते डोळ्यांजवळ धरलं, आणि त्या ताटात तीस वर्षं जेवून पहिल्यांदाच तिला चिमणी दिसली.

"हिला एकच पाय हाय."

"म्हणून खालच्या रांगेत. ते नाव घालत होते तवा तुम्ही त्यांच्या डोक्यावर उभ्या होतात. 'दादा, आटप, गंगापूरची जीप सुटंल!' दुसरा पाय राहिला तो राहिलाच. जेवताना सांगत होते मला."

गोजरबाई खाली बसली. तिनं पदरानं ताट पुसलं, मग चष्मा पुसला, मग पुन्हा ताट.

"जीप तर पुढं तासभर हलली नव्हती," ती म्हणाली.

मग तिनंच ताट पुढं केलं. "लाव. पण सारजाच्या वर लाव."

"नाय."

"वहिनी, मी तुझी नणंद हाय!"

"चिमणीला सांगा. दोन पाय असते तर वर बसली असती."

गोजरबाईनं "मरणाची हट्टी बाई" म्हणत ताट स्वतःच्या हातानं खालच्या रांगेत, होतं तिथंच अडकवलं आणि भाच्याकडं वळली. "ए प्रणय, एक जरी ताट हाललं तर गाठ माझ्याशी."

"अगं आत्या, पण वॉलपेपर येऊन पडलाय. त्याचं काय करू?"

मुक्ताबाईंनी कात्री कमरेला खोचली. "धबधबा ना? मोरीत लाव."

धबधबा आता मोरीत आहे. पाहुण्यांना तो आवडतो. मुक्ताबाईंना अठ्ठाविसाव्या चिमणीचा पत्ता लागलाय; नवं ताट काखेत मारून तिथला जिना चढायचा आहे, म्हणून त्या सध्या दुसऱ्या गुडघ्याला तेल लावत आहेत.