कावळ्याचं पान

माझा मुलगा दुधाशिवाय काही तोंडात घेत नव्हता. नाचणीचं सत्त्व माझ्या गाऊनवर, मऊ भात भिंतीवर. भरवताना अख्खं घर त्याच्यासमोर 'आ' करून बसायचं आणि हा पठ्ठ्या आमचे दात बघत बसायचा.

सर्वपित्री अमावस्येला, गेलेल्या सासऱ्यांच्या नावाचं पान घेऊन आम्ही कोलशेतच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. कावळे पाण्याच्या टाकीवर बसलेले, पण एकही खाली येईना. नवऱ्याने वडिलांना गावच्या घराचे पत्रे बदलायचं कबूल केलं, तरी नाही. मग सासूबाई पुढे झाल्या. "अहो, नातू जेवत नाही म्हणून अडलात ना? जेवेल तो, मी बघते. आता घ्या बघू."

हात जोडायचे म्हणून मी मुलाला खाली ठेवलेलं. तो रांगत पानापाशी गेला आणि दोन्ही मुठींनी वरणभात तोंडात कोंबायला लागला. नवरा त्याला उचलायला धावला, तर सासूबाईंनी त्याचा दंड धरला. "थांब. जेवू दे त्यांना."

तेव्हापासून साहेब फक्त गच्चीवर, केळीच्या पानावर वाढलेलंच जेवतात. आम्ही लांब हात जोडून उभे राहतो आणि 'काव काव' करतो. परवा समोरच्या इमारतीतल्या काकूंनी मला रिक्षा स्टँडवर गाठलं, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "अगं, तुमच्याकडे रोज कोणाचं दहावं असतं?"